सतरा ध्येये आणि एक ग्रामसभा

२५ सप्टेंबर २०१५ रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९३ सदस्य-राष्ट्रांनी शाश्वत विकासाची सतरा ध्येये स्वीकारली. दारिद्र्य आणि भूक यांचे निर्मूलन, आरोग्य, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, शुद्ध पाणी, हवामानाचे रक्षण, न्याय्य व सक्षम संस्था अशी ही ध्येये असून त्यांच्या पोटात १६९ लक्ष्ये आहेत. ती गाठण्यासाठी २०३० ही मुदत ठरली. या मुदतीचा बराच मोठा भाग आता सरला आहे. अशा वेळी वाशीम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातील आसेगावसारख्या गावाचा या ध्येयांशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आसेगाव हे तालुक्याचे ठिकाण नव्हे. पण भोवतालच्या खेड्यांना पोलीस ठाण्याच्या कामासाठी जेथे यावे लागते असे गाव आहे. महाराष्ट्रात अशी गावे शेकड्यांनी आहेत. येथे आसेगावचे नाव घेतले आहे ते तेथील ग्रामपंचायतीच्या गुणदोषांची चर्चा करण्यासाठी नव्हे. जागतिक ध्येयाची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते, म्हणून.

या सतरा ध्येयांपैकी बहुतेकांचा भार अखेर गावाच्याच खांद्यावर येऊन पडतो. बालकांचे कुपोषण अंगणवाडीच्या वजनकाट्यावर कळते. पाण्याचे ध्येय नळाच्या तोटीशी येऊन थांबते. मुलींच्या शिक्षणाचे ध्येय दहावीनंतरच्या एस.टी.च्या फेरीवर अवलंबून असते. घटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय अकराव्या परिशिष्टात नमूद केले आणि ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. शेती, पाटबंधारे, पिण्याचे पाणी, प्राथमिक शिक्षण, आरोग्य, महिला व बालविकास हे सारे विषय त्या यादीत आहेत. ती यादी आणि संयुक्त राष्ट्रसंघाची ध्येये शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर दोहोंतील साम्य कोणाच्याही लक्षात यावे. तेव्हा ध्येये परकी आहेत, असे म्हणून हा विषय बाजूला सारता येत नाही. प्रश्न आहे तो ती गावात कोणत्या वाटेने येतात हा.

ही वाट कशी आखली गेली, ते पाहिले पाहिजे. २००० साली जाहीर झालेली सहस्रकाची आठ ध्येये २०१५ पर्यंत चालली. ती प्रामुख्याने राष्ट्रांच्या राजधान्यांत आणि मंत्रालयांतच वावरली. त्या अनुभवावरून शहाणे होऊन यावेळी ध्येयांचे ‘स्थानिकीकरण’ करावयाचे ठरले. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२१ साली सतरा ध्येयांची नऊ संकल्पनांत मांडणी केली: गरिबीमुक्त व उपजीविकेस पोषक गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ व हरित गाव, पायाभूत सुविधांनी स्वयंपूर्ण गाव, सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव, सुशासनयुक्त गाव आणि महिलास्नेही गाव. यांपैकी एखादी वा दोनतीन संकल्पना घेऊन ग्रामपंचायतीने संकल्प करावा, त्यानुसार वार्षिक विकास आराखडा तयार करावा आणि तो संगणकावरील शासकीय पटलावर नोंदवावा, अशी ही रचना आहे. महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने ग्रामपंचायतींचे आराखडे त्याआधीपासूनच होत होते; त्यांनाच ही नवी चौकट लाभली. मांडणी म्हणून ती सुबोध आहे, आणि सतरा ध्येयांपेक्षा नऊ गावे डोळ्यांपुढे आणणे सोपे आहे, हे मान्य केले पाहिजे.

चौकटीमागोमाग मोजमापही आले. २०२२-२३ हे पायाभूत वर्ष धरून केलेला पंचायत विकास निर्देशांक एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातील २ लाख १६ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींची माहिती त्यात जमेस धरली गेली. सर्वोच्च श्रेणीत एकही ग्रामपंचायत बसली नाही. तिच्याखालच्या श्रेणीत ६९९ बसल्या. हे आकडे कठोर असले तरी लपविले गेले नाहीत, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु या गणनेसाठी जी शेकडो प्रकारची माहिती भरावी लागली, ती कोणी भरली, कोणाला विचारून भरली आणि भरल्यावर ती गावाला कोणी वाचून दाखविली, असे प्रश्न पुढे उभे राहतात. ज्याच्या कामाचे मोजमाप व्हावयाचे त्याच्याच हाती बव्हंशी मापट्याचा दांडा असेल, तर मापाविषयी शंका घेणाऱ्यास दोष देता येणार नाही.

वाशीम जिल्ह्याला मोजले जाण्याची सवय आता पुष्कळ झाली आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०१८ साली नीती आयोगाने देशातील विकासात मागे राहिलेले शंभराहून अधिक जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि वाशीम हे चार होते. आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व जलसंपदा, आर्थिक समावेशन व कौशल्यविकास, आणि पायाभूत सुविधा या पाच क्षेत्रांतील ४९ निर्देशकांवर या जिल्ह्यांची प्रगती मोजली जाऊ लागली आणि त्यांच्या क्रमवारी जाहीर होऊ लागल्या. यामुळे दुर्लक्षित जिल्ह्याकडे वरिष्ठांचे लक्ष वळले, ही जमेची बाजू आहे. परंतु जिल्ह्याची सरासरी ही मोठी फसवी वस्तू असते. मंगरुळपीर वा मानोरा तालुक्यातील एखाद्या तांड्यावर उन्हाळ्यात पाणी नसले, तरी जिल्ह्याचा आकडा त्यामुळे फारसा हलत नाही. सरासरीने मंत्रालयाला दिशा कळते. तांड्यावरच्या बाईला पाणी मिळते की नाही, हे त्यातून कळत नाही. ते कळण्याची जागा ग्रामसभा हीच आहे.

आणि नेमकी ग्रामसभाच दुबळी आहे. कायद्याने ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी गणपूर्ती लागते. ही अट मुळीच जड नाही. तरीही गणपूर्तीअभावी सभा तहकूब करणे आणि तहकूब सभेला गणपूर्तीची आवश्यकता नसल्याने पुढे मोजक्या मंडळींत सारे ठराव उरकून घेणे, हा प्रकार ग्रामीण भागात कोणाला नवा नाही. अशा सभेत ‘बालस्नेही गाव’ हा संकल्प संमत होण्यास दोन मिनिटे पुरतात. संकल्प होतो, तक्ता भरला जातो, छायाचित्र वर पाठविले जाते. आणि अंगणवाडीतील किती मुले कमी वजनाची आहेत, याची माहिती त्या सभेला बसलेल्या सदस्यांनाही नसते. ध्येय गावात पोचले, असे अशा वेळी कागद म्हणतो. गावाला मात्र त्याची खबर नसते.

स्वच्छतेच्या बाबतीत महाराष्ट्राने हा धडा एकदा घेतलेला आहे. २०००-०१ साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावेच्या गावे झाडू घेऊन बाहेर पडली. त्या चळवळीचा उत्साह खरा होता. पुढे शौचालयांची संख्या हेच उद्दिष्ट ठरले आणि पारितोषिकांची स्पर्धा लागली, तेव्हा अनेक ठिकाणी शौचालये बांधली गेली, मोजली गेली आणि नंतर त्यांत सरपण व गोवऱ्या भरल्या गेल्या. पाणी नाही, खड्डा उथळ आहे, घरातील वृद्धांना सवय नाही, अशी त्याची कारणे घरोघर निराळी होती. बांधकाम मोजणाऱ्या तक्त्यात या कारणांना रकाना नव्हता. जी वस्तू मोजली जाते तिचीच काळजी घेतली जाते. म्हणून काय मोजावे हे ठरविताना गावाला विचारले नाही, तर गाव हिशेब पुरा करून देते आणि जीवन पूर्वीसारखेच चालू ठेवते.

दुसरी अडचण पैशाची. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिली आणि ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चण्यास मोकळी ठेवली. बंधनामागे कारण होते. मोकळा पैसा मिळाला की सिमेंटचा रस्ता आणि सभामंडप यांपलीकडे नजर जात नाही, असा अनुभव होता. आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. परंतु याच काळात, २०२१ साली, पथदिव्यांची आणि पाणीपुरवठा योजनांची थकलेली वीजदेयके या आयोगाच्या निधीतून भरावीत असे राज्य शासनाने कळविले, तेव्हा सरपंचांमध्ये असंतोष उसळला. तो साहजिक होता. एका हाताने गावाला नऊ संकल्पना द्यावयाच्या आणि दुसऱ्या हाताने त्याच्या तिजोरीतून वीजबिल वळते करावयाचे, यात संगती नाही. केरळ राज्याने १९९६ साली लोकयोजना सुरू केली, तेव्हा राज्याच्या योजना-खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांच्या हाती सोपविण्याचा निर्णय आधी घेतला आणि मग लोकांना नियोजनाला बसविले. पैसा येणार याची खात्री असल्याने तेथील सभांतील चर्चेला अर्थ आला. आपल्याकडे उलटे होते: आराखडा आधी आणि पैसा किती, कधी, कोणत्या शीर्षाखाली हे नंतर. त्यातच घरपट्टी व पाणीपट्टीची वसुली गावातल्या गावात रखडते, हा दोष मात्र शासनाच्या माथी मारून चालणार नाही. जे गाव स्वतःच्या पाण्याची पट्टी भरत नाही, त्याने स्वायत्ततेची मागणी मोठ्या आवाजात करू नये.

तिसरी अडचण वरच्या पायरीची. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, पशुवैद्यकीय दवाखाना ही कामे ग्रामपंचायतीच्या एकटीच्या आवाक्यातील नाहीत. त्यांसाठी पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांचा आधार लागतो. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १ मे १९६२ पासून महाराष्ट्राने जिल्हा परिषदा उभ्या केल्या, तेव्हा त्यांच्याकडे देश आदर्श म्हणून पाहत होता. त्याच महाराष्ट्रात २०२२ पासून बहुसंख्य जिल्हा परिषदांच्या मुदती संपून तेथे प्रशासक बसले, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी ही घटनेची आज्ञा वर्षानुवर्षे बाजूला पडली. वाशीम जिल्हा परिषदेची निवडणूक जानेवारी २०२० मध्ये झाली होती. तिची मुदत २०२५ च्या आरंभी संपली. स्थानिक संस्थांच्या निवडणुका घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये सांगावे लागले. सतरा ध्येयांतील सोळावे ध्येय सक्षम, उत्तरदायी आणि लोकसहभागी संस्थांचे आहे. ज्या राज्यात लोकनियुक्त सभागृहे इतकी वर्षे रिकामी राहतात, त्याने खेड्यातील सरपंचाला ‘सुशासनयुक्त गाव’ या विषयाचे प्रशिक्षण द्यावे, यातील विसंगती लक्षात येण्यास राज्यशास्त्राची पदवी लागत नाही.

या अडचणींतून वाट निघू शकते, याचे उदाहरण जुने असले तरी अजून शिकण्यासारखे आहे. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा शाश्वत विकासाची सतरा ध्येये जन्मालाही आली नव्हती. गावाने पाणलोटाची कामे केली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गावाने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती आहे, माणसांना व जनावरांना किती लागेल, उरले तर शेतीला किती, हे ग्रामसभेपुढे मांडावयाचे आणि त्यावरून पुढील पिके ठरवावयाची. शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही, उसासारखे पाणीखाऊ पीक घ्यावयाचे नाही, असे निर्बंध गावाने स्वतःवर घातले. येथे आकडा वर पाठविण्यासाठी गोळा होत नव्हता. त्यावर गावाला त्याच आठवड्यात निर्णय घ्यावयाचा होता. म्हणून तो खरा असणे गावाच्याच हिताचे होते. वाशीमसह पंधरा जिल्ह्यांत २०१८ पासून राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत स्वीकारली गेली. म्हणजे तंत्र वाशीमला अपरिचित नाही. प्रकल्प संपल्यावर ते फाइलीत जाते की ग्रामसभेच्या सवयीत उतरते, एवढाच प्रश्न आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. गावाला मोकळे सोडले, तर गावातील बलिष्ठांचीच ध्येये गावाची ध्येये म्हणून पुढे येतील. तांडा, दलित वस्ती, भूमिहीन आणि स्त्रिया यांना तेथे बोलण्याची सोय कोठे असते? हा आक्षेप खरा आहे, आणि जागतिक ध्येयांचे खरे मोल नेमके येथे आहे. दहावीनंतर किती मुलींनी शाळा सोडली, किती मुलींची लग्ने वयाआधी झाली, हे प्रश्न कित्येक गावांनी आपणहोऊन कधीच विचारले नसते. बाहेरून आलेले ध्येय हे प्रश्न विचारणे भाग पाडते. उलट, मुली शाळा का सोडतात, याचे उत्तर न्यूयॉर्कला वा मुंबईला कळणार नाही. कोठे ते एस.टी. नसण्यात असेल, कोठे कामासाठी होणाऱ्या स्थलांतरात, तर कोठे शाळेतील स्वच्छतागृहाच्या तुटलेल्या दारात. प्रश्न बाहेरचा चालेल. उत्तर व हिशेब मात्र गावाचा हवा. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आपल्याकडे आहेच. ती कागदावरून उतरली, तर या आक्षेपाची धार निम्मी कमी होईल.

म्हणून सूचना साधी आहे. शेकडो प्रकारची माहिती शासनाला हवी असेल, तर ती त्याने खुशाल गोळा करावी. पण प्रत्येक ग्रामपंचायतीने वर्षातून दोन ठराविक ग्रामसभांत पाच आकडे मोठ्याने वाचून दाखवावेत आणि पंचायतीच्या दर्शनी फळ्यावर लिहावेत. गावातील ठरलेल्या चार-पाच विहिरींची पाणीपातळी, पावसाळ्याअखेरची आणि मे महिन्यातील. नळाला वर्षात किती दिवस पाणी आले, वस्तीवार. अंगणवाडीतील कमी वजनाच्या बालकांची संख्या, नावे न घेता. सातवी आणि दहावीनंतर शाळा सोडलेल्या मुलामुलींची संख्या. आणि वापरात नसलेली शौचालये किती, कशामुळे. मागील वर्षाचा आकडा शेजारी असावा. या पाच आकड्यांतच भूक, आरोग्य, शिक्षण, समानता आणि पाणी व स्वच्छता ही पाच ध्येये सामावतात, आणि ते समजण्यासाठी कोणत्याही प्रशिक्षणाची गरज नाही.

हे कोणी करावयाचे? प्रस्तुत पत्राचे वाचक बहुसंख्येने शिक्षक, कर्मचारी आणि विद्यार्थी आहेत; म्हणून त्यांच्याशी स्पष्ट बोलले पाहिजे. शिक्षकांच्या डोक्यावर शाळाबाह्य कामांचे ओझे आधीच असह्य आहे. त्यात आणखी एका परिपत्रकाची भर घालण्याची ही सूचना नाही. परंतु विहिरीत दोर सोडून पाणी मोजणे हा आठवी-नववीच्या विज्ञानाचा उत्तम पाठ आहे, आणि पाच वर्षांच्या पातळ्यांचा आलेख काढणे हा गणिताचा. ग्रामसेवक, ज्यांना २०२४ च्या निर्णयानुसार ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांच्यापैकी अनेकांकडे एकाहून अधिक गावे असतात. त्यांना दोष देण्याआधी त्यांच्या टेबलावरील तक्त्यांची संख्या कमी केली पाहिजे. महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणांनी सुट्टीत गावी आल्यावर ग्रामसभेला बसावे आणि मागील आराखड्यातील किती कामे झाली, एवढा एकच प्रश्न विचारावा. प्रश्न विचारणारा एक जरी उभा राहिला, तरी पुढच्या सभेचा अहवाल अधिक काळजीने लिहिला जातो, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

शासनानेही आपला वाटा उचलला पाहिजे. गावाकडून घेतलेली माहिती सोप्या मराठीत, गावाच्या नावानिशी, ग्रामसभेपूर्वी गावाला परत करावी. सलग दोन वर्षे हिशेब उघडपणे मांडणाऱ्या ग्रामपंचायतीला अधिक मोकळा निधी द्यावा. पारितोषिकापेक्षा हा विश्वास तिला अधिक उपयोगी पडेल. आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका पुन्हा कधी लांबणार नाहीत, अशी व्यवस्था करावी. २०२५ साली राज्याने ‘मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान’ काढले. अभियानांनी जाग येते. पण ती टिकते रोजच्या कारभाराने, आणि रोजच्या कारभाराला बक्षीससमारंभ नसतो.

२०३० साली राष्ट्रे पुन्हा एकत्र बसतील, आपापले अहवाल वाचतील आणि बहुधा नवी मुदतही ठरवतील. त्या अहवालात आसेगावचे नाव असणार नाही, आणि असण्याचे कारणही नाही. पण त्या वर्षीच्या मे महिन्यात गावच्या विहिरीत किती पाणी आहे, हे आसेगावच्या ग्रामसभेतील प्रत्येकाला माहीत असेल, आणि ते कमी का झाले असे विचारणाऱ्या बाईला सरपंचाकडून उत्तर मिळेल, तर ध्येय गाठण्याच्या दिशेने गाव काही पावले चालले, असे खात्रीने म्हणता येईल. ते घडले नाही, तर अहवाल कितीही उत्तम लिहिला गेला तरी तो आसेगावचा असणार नाही.